नृत्याला हवी जमीन

युरोपात शास्त्रीय बॅलेच्या फिरत्या मंडळ्या लहानलहान शहरांच्या नाट्यगृहांपर्यंत जातात. जालन्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी असा प्रयोग व्हायचा, तर काय लागेल? आणि झालाच, तर तो पाहायचा कसा?

जालना शहरातील नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे नाव दिलेले आहे. भास्करबुवा बखले यांचा हा शिष्य बालवयातच रंगभूमीवर आला आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीचा आधारस्तंभ झाला. घराण्याचे आडनाव जवळच्याच फुलंब्री गावावरून पडलेले, त्यामुळे मराठवाड्याला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु या नावात आणखी एक अर्थ दडलेला आहे. कृष्णराव ज्या रंगभूमीवर वाढले, ती एका जागी बसून राहणारी नव्हती. पडदे, पेट्या, वाद्ये, आचारी आणि नटसंच यांसह आगगाडीतून गावोगाव जाणारी ती रंगभूमी होती. कला प्रेक्षकाकडे चालत जात होती; प्रेक्षकाला मुंबई-पुणे गाठावे लागत नव्हते.

युरोपातील शास्त्रीय बॅलेची गोष्ट याहून फार वेगळी नाही. बॅले म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मॉस्कोचे किंवा लंडनचे झुंबरांनी उजळलेले प्रेक्षागृह येते. प्रत्यक्षात या कलेचा फार मोठा प्रेक्षक दुय्यम शहरांतील साध्या नाट्यगृहांत बसलेला असतो. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी असे प्रयोग करणाऱ्या मंडळ्यांनीच ही कला राजधानीबाहेर नेली. आपल्याकडे मात्र परदेशी बॅले आला, तरी तो सहसा मुंबई, दिल्ली अशा महानगरांपुरताच राहतो. जिल्ह्याच्या नाट्यगृहापर्यंत तो का पोचत नाही, याचे सरसकट दिले जाणारे उत्तर ‘तिथे प्रेक्षक कुठे आहे?’ असे असते. हे उत्तर अपुरे आहे. खरी अडचण पुष्कळदा प्रेक्षकाच्या आवडीत नसून पायांखालच्या जमिनीत असते.

बॅले म्हणजे नेमके काय?

बॅलेचे शास्त्र फ्रान्सच्या राजदरबारात आकाराला आले. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली. तेव्हापासून या नृत्याची परिभाषा फ्रेंच राहिली आहे. रशियन शिक्षक असो वा जपानी विद्यार्थिनी, हालचालींची नावे तीच. पावलांच्या पाच मूळ अवस्था हा या शास्त्राचा पाया. मांड्या खुब्यापासून बाहेर वळवून उभे राहणे हा त्याचा दुसरा नियम. भरतनाट्यमच्या अर्धमंडलातही गुडघे बाहेर वळलेले असतात, हे येथे आठवावे. पण साम्य तेथेच संपते. भरतनाट्यमची नर्तकी भूमीकडे झुकते, तळव्याने तिच्यावर आघात करते, तिच्याशी बोलते. बॅलेची नर्तकी भूमीपासून सुटू पाहते. तिची उडी, तिचे अंगठ्याच्या टोकावर तोलून उभे राहणे, सहनर्तकाने तिला अलगद उचलणे, या सगळ्यांचा रोख वजन नाहीसे झाल्याचा भास निर्माण करण्याकडे असतो.

त्या टोकदार बुटांत लाकूड किंवा लोखंड असते, असा एक गैरसमज आहे. परंपरागत बुटाचे टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी कडक केलेले असते. घामाने आणि दाबाने ते मऊ पडते. एखाद्या अवघड प्रयोगात प्रमुख नर्तकीचा एक जोड एका रात्रीत निकामी होऊ शकतो. म्हणूनच फिरत्या मंडळीच्या सामानात बुटांच्या पेट्यांना मोठे महत्त्व असते. नाटक मंडळीच्या सामानात शालू-पैठण्यांच्या ट्रंकांना होते, तसेच.

अजिंठ्याच्या वाटेवरची पाहुणी

बॅलेचा आणि आपल्या भूभागाचा काहीच संबंध नाही, असे मात्र समजू नये. रशियन नर्तकी ॲना पावलोवा ही फिरत्या बॅलेची जणू मूर्तीच होती. राजेशाही रंगमंदिरातील मानाची जागा सोडून ती आपल्या मंडळीसह जगभर हिंडली. मोठ्या प्रेक्षागृहांत नाचली, तशी १९१९ मध्ये मेक्सिको शहरात बैलझुंजीच्या मैदानातही नाचली. १९२२-२३ च्या पौर्वात्य दौऱ्यात ती हिंदुस्थानात आली. त्यानंतर १९२३ मध्ये लंडनमध्ये तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारलेला एक बॅले रंगभूमीवर आणला. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यापासून ज्या लेण्यांना जाणे काही तासांचे काम आहे, तेथील चित्रे लंडनच्या रंगमंचावर बॅलेच्या रूपाने अवतरली होती, ही गोष्ट आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच वर्षी पावलोवाने लंडनमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाला आपल्या कार्यक्रमात सामील करून घेतले. हिंदू विवाह आणि राधा-कृष्ण या विषयांवरील त्याच्या नृत्यरचना तिने सादर केल्या. तो तरुण म्हणजे उदय शंकर. पुढे १९२८-२९ च्या दौऱ्यात तिची भेट रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्याशी झाली. रुक्मिणीदेवी पावलोवाच्या मंडळीतील नर्तकीकडे बॅले शिकू लागल्या, तेव्हा आपल्या देशाच्या नृत्यपरंपरेकडे वळण्याचा सल्ला पावलोवानेच त्यांना दिला. १९३६ मध्ये रुक्मिणीदेवींनी स्थापन केलेले कलाक्षेत्र हे त्या वळणाचे फळ म्हणता येईल. एका फिरत्या मंडळीच्या दौऱ्याने दुसऱ्या देशाच्या कलेला स्वतःकडे पाहायला लावले, असे हे विरळा उदाहरण आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवरही ‘भारतीय बॅले’ची घडण झाली. मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी यांनी ‘मेनका’ या नावाने कथकच्या आधारे नृत्यनाट्ये बसवली, १९३६ ते १९३८ या काळात युरोपचा प्रदीर्घ दौरा केला आणि परतल्यावर खंडाळ्यास नृत्याची शाळा काढली. कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ त्यांनी नृत्यनाट्याच्या रूपात आणले. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप स्थापन केला. माणसांनी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करीत सादर केलेले त्यांचे ‘रामायण’ फार गाजले. बर्धन १९५४ मध्ये निवर्तले. पुढे गुल बर्धन यांनी ही संस्था सांभाळली. तिचे बिऱ्हाड १९६४ मध्ये ग्वाल्हेरला आणि नंतर भोपाळला गेले. सचिन शंकर यांचे बॅले युनिट मुंबईत १९५३ मध्ये उभे राहिले. मालवणी मातीतून आलेले आचार्य पार्वतीकुमार यांनी बॅले बसवले, आणि तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांचा शोध घेऊन त्या पुन्हा नर्तकांच्या पायांत आणल्या. मराठी माणसाला नृत्यनाट्य परके आहे, हे म्हणणे या इतिहासापुढे टिकत नाही.

दौरा चालतो कसा?

फिरत्या बॅले मंडळीचा मुक्काम हा एक काटेकोर व्यवहार असतो. नर्तक, तंत्रज्ञ, वेशभूषा सांभाळणारी माणसे आणि व्यवस्थापक मिळून सहज पन्नासएक माणसांचा हा तांडा असतो. नेपथ्य घेऊन ट्रक आधी पोचतात. सकाळी पडदे टांगले जातात, दिवे लागतात, मंचावर नृत्याची फरशी अंथरली जाते. दुपारी सगळे नर्तक मंचावरच, कठड्याला धरून, रोजचा सराव करतात. हा सराव कोणालाही चुकत नाही. प्रमुख नर्तकीसुद्धा अगदी पहिल्या धड्यातील गुडघे वाकवण्यापासून सुरुवात करते. त्यानंतर जागांचा अंदाज घेतला जातो, कारण प्रत्येक गावचा मंच वेगळा. काल पंधरा पावलांत पार होणारा मंच आज बारा पावलांतच संपतो. आज तशीच उडी मारली, तर नर्तक थेट विंगेच्या भिंतीवर आदळेल. रात्री प्रयोग होतो, आणि पडदा पडताच सारे सामान पुन्हा ट्रकमध्ये चढते.

या धावपळीत तडजोडी अटळ असतात. हंसांचा समूह मोठ्या मंडळीत चोवीस जणींचा असेल, तर फिरत्या मंडळीत तो सोळांचा किंवा त्याहूनही लहान होतो. पूर्ण वाद्यवृंद परवडत नाही, म्हणून ध्वनिमुद्रित संगीत वापरले जाते. जाणकार यावर नाक मुरडतात, आणि त्यात तथ्यही आहे. जिवंत वाद्यवृंदाचा संचालक नर्तकीचा तोल पाहून क्षणभर थांबू शकतो. ध्वनिमुद्रण थांबत नाही. गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी साथीला असण्याने काय फरक पडत असे, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हा मुद्दा निराळा समजावून सांगायला नको.

तरीही काटकसरीचा प्रयोग म्हणजे निकृष्ट प्रयोग नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅलेने वाद्यवृंदाऐवजी दोन पियानोंवर भागवून इंग्लंडभर दौरे केले. मे १९४० मध्ये ही मंडळी हॉलंडमध्ये असतानाच जर्मनीचे आक्रमण झाले. नेपथ्य, वेशभूषा आणि स्वरलिपी मागे टाकून कलावंतांना जीव वाचवून परतावे लागले. आणि परतल्यावर त्यांनी पुन्हा प्रयोग सुरू केले. त्या वर्षांत लहान शहरांतील ज्या प्रेक्षकांनी आयुष्यात प्रथमच बॅले पाहिला, त्यांच्यामुळेच युद्धानंतर ही कला तेथे लोकांची झाली. १९५० मध्ये ॲलिशिया मार्कोवा आणि अँटन डोलिन यांनी लंडन फेस्टिव्हल बॅले ही मंडळी उभारली, तीही देशभर फिरण्यासाठीच.

जमीन, विंगा आणि प्रकाश

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बॅले मंडळीचा व्यवस्थापक एखाद्या नाट्यगृहाची चौकशी करतो, तेव्हा खुर्च्या किती मऊ आहेत, हे तो शेवटी विचारतो. त्याचा पहिला प्रश्न मंचाच्या जमिनीविषयी असतो. उडी मारून खाली येताना नर्तकाच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. एका प्रयोगात अशा शेकडो उड्या असतात. जमीन लवचीक असेल, तर हा धक्का ती शोषून घेते. त्यासाठी लाकडी पट्ट्यांची आडवी-उभी जाळी रचून, खाली हवेची पोकळी ठेवून, वर फळ्या बसवतात. त्यावर न घसरणारी पातळ कृत्रिम चादर पट्ट्यापट्ट्यांनी अंथरून चिकटवली जाते. सिमेंट काँक्रीटच्या ओट्यावर नुसता गालिचा पसरला, तर सारा धक्का नडगीच्या हाडाला, गुडघ्याला आणि कण्याला बसतो. एक रात्र निभावेल. पण ज्याला वर्षातून शंभर रात्री नाचायचे आहे, तो नर्तक अशा मंचावर पाऊल ठेवणार नाही.

दुसरा प्रश्न विंगांचा. नाटकातील पात्र चालत बाहेर जाते. बॅलेतील नर्तक झेप घेत बाहेर जातो. झेप विंगेत संपते, मंचावर नाही. विंगेत जुने नेपथ्य, मोडक्या खुर्च्या आणि ध्वनिक्षेपकाचे खोके रचलेले असतील, तर ती झेप घेताच येत नाही.

तिसरा प्रश्न प्रकाशाचा. नाटकाचा प्रकाश मुख्यतः समोरून येतो, कारण नटाचा चेहरा दिसला पाहिजे. नृत्याचा प्रकाश बाजूंनी येतो. विंगांमध्ये नडगीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर दिवे लावले की शरीराची गोलाई उठून दिसते. तोच नर्तक केवळ समोरच्या प्रकाशात कागदी चित्रासारखा सपाट वाटतो. शिवाय अंधार खरा अंधार हवा. दारांच्या फटींतून येणारा रस्त्यावरचा उजेड रात्रीच्या तळ्याचे दृश्य पुसून टाकतो.

रंगपटाची सोय, स्वच्छ स्नानगृह, मंचामागे ऊब किंवा गारवा बेताचा असणे, या गोष्टी किरकोळ वाटतात. पण सराव करून तापलेले स्नायू एकदम थंड पडले, तर दुखापत होते. मंचावरची धूळही घातक. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तर ती तासाभरात साचते. वळताना पाय सरकू नये, म्हणून नर्तक बुटाच्या तळाला थोडी राळ घासून घेतात. धुळीपुढे तीही निष्प्रभ ठरते.

प्रेक्षकाने काय पाहावे?

बॅलेत संवाद नसतात. म्हणून कथा आधी माहीत असावी. ‘सौभद्र’ पाहायला जाणाऱ्याला सुभद्रेचे लग्न कोणाशी होणार, हे ठाऊकच असते. त्याची उत्कंठा निराळीकडे असते. तसेच येथेही. चायकोव्हस्कीचे संगीत लाभलेला ‘हंस सरोवर’ प्रथम १८७७ मध्ये मॉस्कोत झाला. आज तो ज्या रूपात प्रसिद्ध आहे, ती रचना मारियस पेतिपा आणि लेव इवानोव यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये १८९५ मध्ये केली. शापाने हंसी झालेली राजकन्या ओडेट आणि तिचे रूप घेऊन राजपुत्राला फसवणारी ओडिल, या दोन्ही भूमिका परंपरेने एकच नर्तकी करते. म्हणजे पाहायचे ते हे: पांढऱ्या वेषात ज्या बाहू पंखांसारख्या थरथरल्या, त्याच काळ्या वेषात कशा धारदार होतात. तिसऱ्या अंकात ओडिल एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेते. प्रेक्षक त्या मोजतात आणि टाळ्या वाजवतात. पण पुन्हा पाहणारा रसिक दुसऱ्या अंकातील समूहाकडे अधिक लक्ष देतो, कारण इतक्या जणींनी एकाच श्वासाने मान कलती करणे हे गिरक्यांहून अवघड आहे.

मुद्राभिनयाचे काही संकेत लक्षात ठेवले, की पुष्कळ गोष्टी उलगडतात. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले, तर ‘नाचू या’. अनामिकेकडे बोट दाखवले, तर विवाह. मनगटे शरीरापुढे एकमेकांवर फुली मारून धरली, तर मृत्यू. ज्या प्रेक्षकाला कथकमधील घुंघट आणि बासरीची मुद्रा कळते, त्याला ही भाषा जड जाऊ नये.

बसायची जागाही विचारपूर्वक निवडावी. नाटकाला आपण पहिल्या रांगेसाठी धडपडतो. बॅलेला पहिल्या रांगेतून पावले झाकली जाण्याचा संभव असतो, आणि समूहाच्या आकृत्या तर कळतच नाहीत. मधल्या रांगा किंवा बाल्कनी उत्तम. मंचावर उमटणाऱ्या रांगोळ्या वरूनच दिसतात. एखादे एकल नृत्य संपल्यावर टाळ्या वाजवणे शिष्टसंमत आहे. बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्स मोअर’ घेणाऱ्यांचे आपण वारस असलो, तरी दमलेल्या नर्तकीकडून तीच मागणी करू नये.

जालन्याचा हिशेब

‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण व्यापारावरून पडली. बियाण्यांचा आणि लोखंडी सळ्यांचा उद्योग या शहराने देशभर नेला. मुंबईपासूनचे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो आणि डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईसाठी वंदे भारत गाडीही सुरू झाली. नाटक मंडळ्या मीटरगेजच्या गाडीने येत, त्या काळाच्या तुलनेत आज ट्रक आणणे फार सोपे आहे. रसिकतेचे म्हणाल, तर अंबडसारख्या तालुक्याच्या गावी दत्तजयंतीनिमित्त शास्त्रीय संगीताचा उत्सव भरत आला आहे. विलंबित ख्याल ऐकत रात्र जागवणारा श्रोता दोन तासांच्या नृत्याला कंटाळेल, असे मानण्याचे कारण नाही.

ऐपत नसलेल्या घरांतून ही कला उगवू शकत नाही, असेही म्हणता येणार नाही. नवी मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा, अमीरुद्दीन शाह, २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्यावर आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान याच्यावर आधारित चित्रपट २०२० मध्ये आला. वेल्डिंगच्या ठिणग्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतही रोज उडतात. तेथील एखाद्या मुलाच्या पायांत काय दडले आहे, हे कळण्यासाठी त्याला आधी कोणाला तरी प्रत्यक्ष नाचताना पाहावे लागेल. मोबाईलच्या पडद्यावर उडी दिसते. पण उतरल्यावरचा श्वास, बुटांचा मंचावर होणारा आवाज आणि घाम दिसत नाही. ही कला कष्टाची आहे, हे त्यावाचून समजत नाही.

परदेशी मंडळी उद्याच जालन्यात येईल, अशी भाबडी आशा बाळगण्याचे कारण नाही. पण ती यावी म्हणून जे करावे लागेल, त्यातील बहुतेक गोष्टी आपल्याच माणसांना हव्या आहेत. गल्लोगल्ली कथक आणि भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली स्नेहसंमेलनात, स्पर्धेत अनवाणी नाचतात. तत्काराचा प्रत्येक आघात काँक्रीटवर होतो, तेव्हा टाच दुखते आणि घुंगरांखालचा नादही मरतो. पोकळीवर बसवलेल्या लाकडी जमिनीवर तोच तत्कार खणखणीत वाजतो. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघांना मोकळ्या विंगा आणि खरा अंधार हवाच असतो. म्हणून नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघेल, तेव्हा दर्शनी भागातील संगमरवर आणि छतावरील रोषणाई यांच्याआधी मंचाच्या जमिनीची तरतूद मागितली पाहिजे. ती मागणी नर्तकांनी एकट्याने करून भागणार नाही; तिकीट काढून बसणाऱ्या प्रेक्षकानेही ती करायला हवी.

फुलंब्रीकरांची मंडळी ज्या गावी उतरत असे, तेथे वैभव असेच असे नाही. चार भिंती, नीट तुळई, सुरात लागलेली वाद्ये आणि ऐकायला बसलेली माणसे एवढ्यावर प्रयोग रंगत असे. नृत्याची गरजही तेवढीच आहे, फक्त तिच्यात एका गोष्टीची भर पडते. नाचणाऱ्या पायाला झेलून घेणारी जमीन आपण तयार ठेवली, तर पाहुणे कधी ना कधी येतील. ते येईपर्यंत त्या जमिनीवर आपल्या लेकी नाचतील.